मदत हवी आहे : इंग्लंडमधल्या इन्फंट अँड नर्सरी स्कूलचा दर्जा कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी,

आम्ही मूळचे नाशिकचे, सध्या मिल्टन कीन्समध्ये. मुलगा साडेतीन वर्षांचा. घराजवळच्या इन्फंट अँड नर्सरी स्कूलमध्ये (साधारण 3 ते 7 वर्षांच्या मुलांची शाळा) रोज सकाळी तीन तास नर्सरीत जातो. पुढच्या सप्टेंबरात रिसेप्शन, म्हणजे शाळेचं पहिलं वर्ष, अर्जाची मुदत 15 जानेवारी. याच शाळेचं नाव पहिलं घालावं की नाही, इथे घोडं अडलंय.

शाळेचा ऑफस्टेड रिपोर्ट (सरकारी तपासणीचा अहवाल) 2025 च्या उन्हाळ्यातला आहे. सप्टेंबर 2024 पासून सरकारी शाळांना एका शब्दात एकूण शेरा देणं बंद झालं, त्यामुळे यात फक्त विभागवार शेरे आहेत. वागणूक 'गुड', पण 'क्वालिटी ऑफ एज्युकेशन' पुढे 'रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट'. फोनिक्स (अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकणं) चांगलं शिकवतात, बाकीच्या विषयांत नर्सरीपासून इयर टूपर्यंत (वय 6-7) काय, कुठल्या क्रमाने शिकवायचं ते नीट ठरलेलं नाही, असा एकूण सूर. एवढ्यावरून शाळा सोडून द्यायची का?

सासूबाई व्हिडिओ कॉलवर विचारतात, अजून लिहायला घेतलं नाही का? तिकडे भाची ज्युनिअर केजीत वहीची पानं भरतेय. लिहिण्याची मला खरंच काळजी नाही, चिखलात खेळून आला तरी चालेल. काळजी बोलण्याची आहे. घरी हा मुलगा झोप लागेपर्यंत मराठीत बडबडत असतो. नर्सरीतल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "शांत मुलगा आहे, काही त्रास नाही." ते ऐकून बरं वाटायच्या ऐवजी पोटात गोळा आला. ज्या मुलाचा त्रास नाही त्याच्याशी तिथे त्या तीन तासांत कोण बोलत असेल?

इन्फंट स्कूलमध्ये मुलं घातलेल्यांनी, किंवा तिथे काम करणाऱ्यांनी, कृपया सांगा : तुम्ही नेमकं काय पाहता?

---

कोरांटी : मी लेस्टरला रिसेप्शनच्या वर्गात टीचिंग असिस्टंट आहे. तुमचा शेवटचा प्रश्न अगदी बरोबर आहे, तोच धरून ठेवा.

आधी रिपोर्टचं. त्यात 'अर्ली इयर्स'चा शेरा वेगळा असतो, तो पाहा. नर्सरी आणि रिसेप्शन त्यातच येतात. निकालांचे आकडे शोधत बसू नका. इन्फंट स्कूल इयर टूला संपते, त्यामुळे इयर सिक्सच्या सॅट्स या सरकारी परीक्षांचे आकडे तिला नसतातच आणि इयर टूच्या परीक्षा 2023-24 पासून ऐच्छिक झाल्या. इयर वनच्या जूनमध्ये फोनिक्सची चाचणी होते, 40 शब्दांची, त्यातले निम्मे मुद्दाम बनवलेले निरर्थक. त्यातून अक्षरं जोडून वाचता येतं का एवढंच कळतं.

माझ्या मते या वयात दर्जा म्हणजे मोठ्या माणसांचं मुलांशी बोलणं. वर्ग चालू असताना शाळा बघायला मागा, ओपन डेला सगळंच सजवलेलं असतं. पाण्याच्या किंवा मातीच्या टेबलापाशी थांबून ऐका. "हा कुठला रंग?" असं विचारून बाई पुढे सरकतात, की "हे कशाने बुडालं असेल?" असं विचारून उत्तर येईपर्यंत थांबतात? शांत मुलाशेजारी कुणी जाऊन बसतं का? भिंतीवरच्या चित्रांत तीसच्या तीस फुलपाखरं सारखी दिसली तर मला शंका येते, कारण तिथे मुलांनी ठरवलेलं काहीच नसतं.

आता तुमच्या मुलाचं. घरी दुसरी भाषा बोलणारी बरीच मुलं नर्सरीत काही महिने गप्प असतात. ऐकणं चालू असतं. मराठीत भरभरून बोलतोय म्हणजे मूळ भाषा पक्की होतेय, ती अजिबात थांबवू नका. आणि हे शाळेवर उपकार म्हणून मागायचं नाही : अर्ली इयर्सच्या नियमांतच लिहिलंय की घरची भाषा खेळात आणि शिकण्यात वापरायची संधी मुलांना मिळावी, यासाठी शाळेने वाजवी प्रयत्न करायचे. बाईंना थेट विचारा, "त्याला बोलतं करायला तुम्ही काय करता?" नेमकं उत्तर आलं तर शाळा चांगली. नुसतंच "सेटल झालाय" आलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. मराठीतही अडखळत असता तर हेल्थ व्हिजिटरशी (लहान मुलांची वाढ पाहणाऱ्या नर्सशी) बोला म्हटलं असतं.

वाटसरू : अर्जाबद्दल थोडं. त्याच शाळेच्या नर्सरीत आहे म्हणून रिसेप्शनची जागा आपोआप मिळत नाही, वेगळा अर्ज करावाच लागतो. तुम्ही कुठली शाळा कितव्या क्रमांकावर घातली हे शाळा जागा ठरवताना पाहत नाहीत, त्यामुळे मनापासून आवडलेली पहिली घाला, पण एकच नाव देऊन थांबू नका. रिसेप्शन ते इयर टू एका शिक्षकामागे 30 मुलांची कायदेशीर मर्यादा असल्याने नंतर अपील करून जागा मिळणं फार अवघड जातं. निकाल 16 एप्रिलला.

आणि सातव्या वर्षी ज्युनिअर स्कूलसाठी (इयर थ्री ते सिक्स) पुन्हा अर्ज, शेजारच्याच आवारात असली तरी. हे माहीत नसल्याने मुदत चुकलेले पालक मी पाहिलेत.

धागाकर्ती : दोघांचेही मनापासून आभार. रिपोर्ट पुन्हा उघडला, अर्ली इयर्सपुढे 'गुड' आहे, हे मी वाचलंच नव्हतं. मुख्याध्यापिकांना ईमेल केलीय, बुधवारी सकाळी वर्ग चालू असताना बोलावलंय. जवळच्या प्रायमरीतही जाऊन येणार आहोत, तिथे इयर सिक्सपर्यंत शाळा बदलावी लागत नाही.

त्यावरूनच आणखी एक विचारते. ज्यांची मुलं इन्फंटमधून ज्युनिअरला गेली, त्यांना इयर थ्रीत ते कितपत जड गेलं? मित्र तेच राहिले का, आणि नव्या शाळेला आधीच्या बाईंकडून मुलाबद्दल काही कळवलं गेलं का?