मदत हवी आहे : कोकणच्या कातळावर बाहुल्यांचे फोटो

सुईदोरा

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आम्ही दोघं अलिबागहून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्या-किनाऱ्याने गाडीने जाणार आहोत. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा सगळ्या फेरीबोटी धरून, निवांत. राहायचं-खायचं ठरलंय, त्यामुळे 'घरगुती जेवण कुठे मिळेल' हा प्रश्न नाही. (तरी सांगायचंच असेल तर माझ्या पानावर विचारपूस (विपू) करा, नाही म्हणणार नाही.) माझा प्रश्न बाहुल्यांचा आहे.

मी बाहुल्यांचे कपडे शिवते. १२ इंची, सांध्यांत वाकणाऱ्या बाहुल्या असतात ना, त्यांच्यासाठी नऊवारी, परकर-पोलकं, कोळणीचं लुगडं असं सगळं. जाईन तिथे दोघी-तिघींना बरोबर नेते आणि फोटो काढते. 'या वयात?' हे घरात विचारून झालेलं आहे, त्यामुळे इथे परत नको. यावेळी सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेली एक लाकडी ठकीही येणार आहे. ती वाकत नाही, बसत नाही, नुसती उभी राहते. पण तिचे डोळे असे काही रंगवलेत की तिला घरी ठेवून जाववत नाही.

वाड्याच्या ओसरीत, बागेत, खिडकीशी फोटो छान येतात. समुद्रावर मात्र काही केल्या जमत नाही. मागे पाणी चकचकीत आणि बाईसाहेबांचं तोंड काळं ठिक्कर. चेहरा उजळ केला की समुद्र पांढराफटक. वारा सुटला की पदर सरळ तोंडावर, आणि पाठोपाठ बाई आडव्या. सगळ्यात खटकतं ते असं, की फोटो बघताना कुणाचं तरी पोर खडकावर बाहुली विसरून गेलंय असंच वाटतं. मला हवी आहे कातळाच्या टोकावर उभी राहून दर्या बघणारी बाई. ती फूटभर उंचीची आहे हे बघणाऱ्याला निदान पहिल्या नजरेत कळू नये.

हरिहरेश्वरचा प्रदक्षिणेचा मार्ग, हेदवीची बामणघळ, आंबोळगड आणि देवगड या जागा डोक्यात आहेत. जवळ एक बरा फोन आहे आणि जुना डीएसएलआर, त्याची मूळची १८-५५ लेन्स. नवीन काही घेणार नाही, बजेट फेरीबोटीत आणि सुरमईत जाणार आहे. वेळ कुठली धरावी, बाहुली उभी कशी करावी आणि खाऱ्या हवेत तिचं काय होतं, एवढं सांगा.

फोकसपोकस

ताई, धागा आवडला. मी छोट्या मोटारींचे फोटो काढतो, दुखणं तेच.

आधी तोंड काळं येण्याबद्दल. आपला किनारा पश्चिमेचा. संध्याकाळी समुद्र मागे घेतलात की सूर्यही मागेच येणार, मग कॅमेरा बिचारा काय करेल? सूर्यास्ताला फक्त काळी आकृती घ्या, नाहीतर बाहुलीचं तोंड बाजूला वळवून एका गालावर उजेड घ्या. चेहरा दिसायला हवा असेल तर सकाळ. सूर्य जमिनीकडून वर येतो, तुमच्या पाठीमागून बाहुलीच्या तोंडावर पडतो आणि मागचा समुद्र चांगला निळा उतरतो. साडेनऊनंतर उजेड डोक्यावर चढायला लागतो, मग नाकाखाली मिशीएवढी सावली. संध्याकाळीच काढायचं असेल तर थर्माकोलची नाश्त्याची डिश चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरा, फ्रेमच्या जरा बाहेर. १२ इंची बाईला तेवढा रिफ्लेक्टर रग्गड झाला.

आता 'विसरलेली बाहुली' का दिसते ते. तुम्ही उभं राहून किंवा उकिडवं बसून काढत असणार. माणसाच्या उंचीवरून खाली बघितलं की ते खेळणंच दिसतं. कॅमेरा खाली न्या, अगदी खडकाला टेकवा. फोन असेल तर उलटा धरा म्हणजे लेन्स तळाला येते. पण इथे एक मेख आहे. समुद्राचं क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर दिसतं. बाहुली आणि कॅमेरा एकाच कातळावर असताना लेन्स तिच्या डोळ्यांच्या उंचीला धरलीत, तर क्षितिजाची रेघ बरोब्बर तिच्या डोळ्यांतून जाणार. गळ्याशी धरलीत तर मुंडकं कापल्यासारखं दिसणार. लेन्स कमरेच्या खाली न्या. बाई आपोआप उंच वाटते आणि डोकं मोकळ्या आकाशात येतं.

दुसरी चुगली करतं ते जवळचं पाणी. बाहुली साधारण माणसाच्या सहाव्या हिश्श्याची. हातभर रुंद डबकं तिच्या शेजारी नऊ फुटांचं कुंड वाटतं, ते झकासच. पण पाण्याचा थेंब काही सहापट लहान होत नाही. तिच्या पायाशी लाट फुटली की एकेक थेंब लिंबाएवढा दिसतो आणि खेळ संपला. वाळूचे कण, शिंपले यांचंही तेच. म्हणून पायाखाली गुळगुळीत किंवा बारीक भोकांचा खडक आणि पाणी लांब. हरिहरेश्वरला खडकाला जी जाळी पडलीय ना, तिच्यातलं मुठीएवढं भोक तिच्यासाठी चांगला कोनाडा होतो. तिथेच दोन तास घालवा, पुढच्या चार जागा नाही झाल्या तरी चालेल.

डीएसएलआरची लेन्स १८ वर, म्हणजे सगळ्यात रुंद ठेवून जवळ जा, अॅपर्चर एफ ११ च्या आसपास, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही स्पष्ट येतं. मागचं सगळं धूसर झालं की पुन्हा खेळणं दिसायला लागतं. त्याच कारणासाठी फोनचा पोर्ट्रेट मोड बंद, तो केसांच्या कडाही कुरतडतो. काळ्या खडकाने फ्रेम भरली असेल तर कॅमेरा फसून सगळं जास्त उजळ करतो, तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा उजेड) थोडं खाली ओढा.

जिलबीवाला

आधी वाटलं बाहुल्यांच्या नावाखाली कोकण ट्रिपचे फोटो टाकायचा धागा आहे. लेन्स कमरेच्या खाली आणि थर्माकोलची डिश दोन्ही माझ्या पोरीच्या वाढदिवसाला वापरणार. वाचतोय.

खाडीपलीकडे

मी देवगड बाजूचा. फोटोतलं कळत नाही, दर्यातलं थोडं कळतं.

फोकसपोकस सकाळ म्हणाले ते ठीक, पण सकाळी कातळ पाण्याबाहेर असायला हवा ना. त्यासाठी आमच्याकडे जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि सहा तासांनी, नऊला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. घड्याळाचा काटा जुळणार नाही, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतं, त्यामुळे त्या ठिकाणचं भरतीचं वेळापत्रकही बघा. पण कालनिर्णय समोर ठेवून दिवस ठरवायला एवढं पुरतं.

तुमच्या कामाला तृतीया-चतुर्थी सगळ्यात बरी. सकाळी सातला गेलात तर पाणी उतरत असतं, तृतीयेला सव्वाआठ आणि चतुर्थीला नऊपर्यंत उतरतच जातं. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची ओहोटी, कातळ लांबवर उघडा पडतो, मोह होतो. पण तेव्हा पाणी पहाटेच तळाला जातं आणि उजाडेपर्यंत परत चढायला लागलेलं असतं. तुम्ही पालथ्या पडून बाहुलीच्या तोंडाकडे बघणार, मागून पाणी येतंय हे बघणार कोण? यजमानांना ते एकच काम द्या, दुसरं काही नको. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर माणसं लाटेत गेलेली आहेत, तिथली पाटी शोभेची नाही. बामणघळीत पाणी उडताना हवं तर भरतीच लागते, तेव्हा बाहुली वर उमामहेश्वराच्या देवळाच्या बाजूला सुक्यात ठेवा आणि घळ लांबून मागे घ्या. घळीच्या काठाशी जाऊ नका.

एक सोपी खूण सांगतो. ओहोटीला गावातल्या बायका कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायला खडकावर येतात. त्या येतील तेव्हा उतरा, त्या निघाल्या की तुम्हीही निघा. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, अनवाणी नको. हिरवं शेवाळ दिसलं की पाय देऊ नका.

आणखी एक गोष्ट, हसू नका. एकट्या कातळावर नऊवारी नेसलेली बाहुली उभी आणि तुम्ही लांब झुडपाआड, असं दृश्य गावातल्या कुणी पाहिलं तर तो फोटोचा विचार करणार नाही. त्याच्या मनात करणी येणार. तिठ्यावर, गावाच्या वेशीवर, राखणदाराच्या (गाव राखणाऱ्या देवाच्या) जागेपाशी बाहुली ठेवूच नका, मग फ्रेम कितीही सुंदर असो. तिला तारेने, दोऱ्याने बांधत असाल तर जास्तच जपा. कुणीतरी येऊन विचारणारच, "ह्यां काय करतंस गो?" तेव्हा बाहुली त्यांच्या हातात द्या, लुगडं दाखवा, आधीचे फोटो दाखवा. पाच मिनिटांत पोरं गोळा होतील आणि चांगल्या जागाही तीच दाखवतील.

सुईदोरा

फोकसपोकस, क्षितिजाचं वाचून जुने फोटो उघडले. एकूण एक बाई गळ्याशी कापलेली! खाडीपलीकडे दादा, करणीचं मनातसुद्धा आलं नव्हतं. कालनिर्णय काढून बसलेय, सुट्टी एका चतुर्थीला धरून पुढे-मागे करता येते का बघते. यजमानांना 'लाटाधिकारी' नेमलं, खूश आहेत.

वाऱ्याचं आणि ठकीचं राहिलं. कुणी सांगेल का?

बाहुलाबाहुली

सुईदोरा ताई, मीही शिवते, म्हणून कपड्यापासून सुरू करते. पदराच्या काठाच्या दुमडीत केसाएवढी तांब्याची तार घालून शिवा, जुन्या चार्जरच्या वायरीतून निघते ती. मग पदर वाऱ्याच्या मर्जीवर राहत नाही. हवा तसा उडता वाकवून ठेवा, वारा नसतानाही उडत राहतो. निऱ्यांना आतून दोन टाके. रंगाचं म्हणाल तर रायगडकडे बहुतेक काळा बसाल्ट, त्यावर काळे केस आणि गर्द साडी गिळली जाते, तिथे पिवळं किंवा पोपटी नेसवा. खाली रत्नागिरीकडे जांभ्याचे लाल कडे दिसतात, तिथे हिरवा खुलतो, लाल-केशरी मरतो.

उभं करायला जांभा म्हणजे वरदान, त्याला मुळातच भोकं असतात. बाइंडिंगची तार दुहेरी करून एका पायाच्या मागून कमरेपर्यंत न्या, साडीखाली लपते, आणि खालचं टोक भोकात खुपसा. टोकाला कागद गुंडाळलात की घट्ट बसतं. बसाल्टवर तारेजोगं बारीक भोक सहसा मिळत नाही, तिथे पोस्टर चिकटवायची पुट्टी तळपायाला लावा. पण खडकावर मिठाची पूड असते, त्यावर ती धरत नाही. आधी गोड्या पाण्याच्या फडक्याने तेवढी जागा पुसून कोरडी करा. तार आणि पुट्टी येताना उचलून आणा.

प्लॅस्टिकच्या बाहुल्यांना मुक्कामावर गेल्यावर साध्या पाण्याने अंघोळ, केससुद्धा, आणि सांधे वाकवून-वाकवून वाळवा. मीठ सांध्यात बसलं की ते करकरायला लागतात. लेन्स कोरड्या फडक्याने घासू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. ओलसर मऊ कापडाने टिपून मग कोरडी करा.

ठकीला मात्र अंघोळ नाही. सावंतवाडीची खेळणी पूर्वापार पांगाऱ्याची, लाकूड हलकं, पाणी पिणारं. रंगाला एक चीर गेली तरी ओल आत शिरते. तुमची कुठल्या लाकडाची आहे माहीत नाही, पण तिला तुषारांच्या टप्प्यात नेऊच नका. जरा वर, कोरड्या सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) उभी करा, समुद्र लांब मागे. हलकी असली तर वाऱ्याने पडेल, तळाला पुट्टीने एक जाड वॉशर चिकटवा आणि वॉशरवर चिमूटभर माती भुरभुरा, दिसत नाही. फोटो झाला की सुक्या सुती कापडाने पुसून कापसात. तार ठोकायला तिच्या तळाला भोक पाडू नका, हे लिहितेय कारण तो मोह मला झाला होता.

तिला माणसासारखं दाखवायच्या फंदात पडू नका, ती ठकीच दिसू दे. बाकीच्या दोघींवर ती माया करा.

खाडीपलीकडे

सड्यावर जाताना सकाळी दव असतं, वॉशरखालची माती चिखल होईल. आठनंतर जा. आणि आंबोळगडाला वारा लागतो, जाड वॉशर दोन घ्या.