पोटाचं दुखणं आपण कुणाला सांगतच नाही : तुमचे, घरच्यांचे अनुभव लिहा

सांजवेळ
गौरींचे दागिने परत ठेवताना काल आईच्या कपाटात वरच्या खणात श्रीखंडाचा रिकामा डबा सापडला. बटणं, टाचण्या असतील म्हणून उघडला, तर आत गोळ्यांची पाकिटं. सगळी पॅन्टोप्राझोल ४०, पोटातलं आम्ल कमी करणारी. बरीचशी संपलेली, एक-एक गोळीचा तुकडा कात्रीने कापून ठेवलेला, कारण प्रवासात पर्समध्ये टाकायला सोपं पडतं.

डबा हातात धरून तशीच बसले. २००७ ला आईचे गुडघे दुखत होते, डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं आणि पोटाला त्रास नको म्हणून सोबत ही, "सकाळी उपाशीपोटी, १५ दिवस". गुडघ्याची गोळी थांबली. ही नऊ वर्षं चालली. चिठ्ठी कुणी विचारली नाही. ऑफिसातून येताना पाकीट मीच आणायचे, त्याचं मला आजही फार वाईट वाटतं.

२०१६ ला एकदा जिना चढताना मागे बघितलं तर आईची डाव्या पायातली चप्पल तीन पायऱ्या खाली पडलेली, आणि आई तशीच वर येतेय. तिला कळलंच नव्हतं. तळपाय बधिर. रक्त तपासलं तर बी-१२ अगदी तळाला. आई शाकाहारी, त्यात अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं आणि तेच नऊ वर्षं दाबून ठेवलेलं. इंजेक्शनं सुरू झाली. गोळी एकदम तोडायची नाही, आम्ल दुप्पट उसळतं, असं नव्या डॉक्टरांनी बजावलं. ४० ची २० केली, मग एक दिवसाआड, असे दोन महिने. रात्रीचं जेवण साडेनऊवरून साडेसातला आणलं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा दिल्या. जळजळ गेली. खरं कारण उशिरा जेवून लगेच आडवं होणं, एवढंच होतं.

तुमच्याकडे काय कारण निघालं, कशाने बरं वाटलं, लिहा. लाजू नका.

चिंचगुळ
डोळ्यांत पाणी आलं गं. तू मुद्दाम नाही केलंस. आमच्याकडे तोच डबा, फक्त बिस्किटांचा. काकूंना चप्पल कळते का आता?

सांजवेळ
कळते. बोटांची टोकं अजून सुन्न आहेत, ती तशीच राहतील म्हणाले.

बांधावरून
आमच्या आईचं आणि मिश्रीचं सांगतो. सातारा भाग. पहाटे चुलीवर तव्यात तंबाखू भाजायची, काळी झाली की चुरायची, डबीत भरायची. त्या वासाने आम्हाला जाग यायची. दात घासायला म्हणून लावत्यात पण खरं कारण आईनंच सांगितलं, "लावल्याबिगर पोट साफ हुत न्हाई." आजीचं तेच, चुलतीचं तेच. तंबाखूनं आतडं हालतं ही गोष्ट खरी हाय, म्हणून तर सुटत नाही.

गालात पांढरा चट्टा दिसला तवा सगळे घाबरलो. सोडायला लावली. पहिले वीस दिवस लई हाल, चार-चार दिवस पोट गच्च. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी लॅक्टुलोजचं गोड औषध दिलं आणि म्हणाल्या, आजी, चहा पिऊन झाला की रोज त्याच वेळेला दहा मिनिटं बसायचं, आलं नाही तर उठायचं, जोर करायचा नाही. सकाळी पोटात काही गेलं की आतडं आपसूक हालतं, त्याला सवय लावायची. मंग शेपू, माठ, देठासकट भाजी, दोन वेळा भाकरी. दीड महिन्यात औषध सुटलं. चट्टा तपासून घेतला, साधा निघाला. डबी मीच ओढ्यात टाकली.

रविवारचा_एरंडेल
आमच्या लहानपणी दर रविवारी सकाळी एरंडेल. नाक दाबून. दिवसभर खेळायला बंदी. कोठा साफ तर रोग माफ. आताच्या मुलांना हेच हवं आहे.

डॉ_मावशी
दादा, आठवण गोड आहे पण मुलांना देऊ नका. निरोगी पोटाला जुलाब देऊन काही साफ होत नाही, पाणी आणि क्षार तेवढे जातात. पोटात मुरडा असेल, दुखत असेल आणि अपेंडिक्स असलं तर एरंडेल धोक्याचं ठरतं. बाजारच्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते, तीही जुलाबाचीच. कधीतरी घेतली तर ठीक, रोज घेणाऱ्यांनी आधी बद्धकोष्ठाचं कारण शोधावं. थायरॉइड कमी असेल, लोहाच्या गोळ्या चालू असतील, पाणी कमी असेल. माझ्याकडे वर्षानुवर्षं चूर्ण घेणाऱ्या बायका येतात, थायरॉइड कधी तपासलेलंच नसतं.

लोकलवाली
पाणी कमी. माझं तेच. चौदा वर्षं बदलापूरहून पहाटेची लोकल. घरातून निघताना वेळ नाही, गाडीत सोय नाही, ऑफिसात बायकांचं एकच स्वच्छतागृह आणि त्याच्या दारासमोर साहेबांची केबिन. मग पाणीच प्यायचं नाही. कळ आली की दाबायची. दाबून-दाबून पुढे कळ येईनाशी झाली. आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, खडा होतो, मग फिशर, म्हणजे शौचाच्या जागी चीर. तीन महिने उशीवर बसून काम केलं. कुणाला सांगितलं नाही, "पाठ दुखतेय" म्हणायचे.

एका डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे पेनाने चित्र काढून दाखवलं. कमोडवर ताठ बसलं की वाट मुडपलेली राहते, गुडघे वर आले की सरळ होते. म्हणाले पायाखाली पाट घ्या. लग्नातला जेवणाचा पाट होता तो घेतला. दुसरं, अर्धा तास आधी उठायला लागले. एक कप गरम पाणी, चहा, मग पाटावर पाय. पाण्याची बाटली गाडीतच संपवायची, ऑफिसात जायचं तर जायचं, केबिन असो नाहीतर काही. इसबगोल रात्री, पण वर मोठा ग्लासभर पाणी, नाहीतर तेच घट्ट बसतं.

झुळूक_
ताई पाट किती उंच

लोकलवाली
मोजून आले. साडेसात इंच. दोन पाट एकावर एक ठोकलेत.

झुळूक_
🙏 सासऱ्यांसाठी करते. त्यांना सांगायचं कसं हा प्रश्न आहे.

चिंचगुळ
मिस्टरांना सांगायला लाव.

कांदेनवमी
मला दर वर्षी आषाढापासून बरं वाटायचं. पोट हलकं, गुडगुड नाही, पँटचं बटण लागायचं. कार्तिकी झाली की महिन्याभरात परत फुगारा, दुपारनंतर पोट ढोलासारखं. मी मनापासून समजायचो की देवाची कृपा. बारा वर्षं. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, चातुर्मासात काय सोडता? कांदा, लसूण, वांगं. त्या म्हणाल्या, मग तेच तपासू. कांदा-लसणातली एक साखर लहान आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या तावडीत सापडते आणि वायू धरतो. गव्हातही असते. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने यावर आहारपद्धतच बसवली आहे. चार आठवडे सगळं बंद, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा. कायम सगळं बंद ठेवायचं नाही, त्याने आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचीही उपासमार होते. माझं निघालं ते असं : वांगं निर्दोष, गहू दोन पोळ्यांपर्यंत ठीक, कांदा नाही. पातीचा हिरवा भाग चालतो. लसूण तेलात परतून काढून टाकायची, चव उतरते. बाकी फोडणीला हिंग जास्त.

देवाची कृपा मी अजूनही मानतो.

गव्हाविना
हिंगाचं वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. ज्यांना सीलिअॅक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही, त्यांनी हिंगाच्या डबीमागचं बारीक अक्षर वाचा. बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ नाहीतर मैदा असतो. आम्हाला हे सात महिन्यांनी कळलं.

मुलगा सहा वर्षांचा. पोट पुढे, हातपाय काड्या, उंची थांबलेली. हिमोग्लोबिन सात. लोह दिलं, वाढेना. जंत म्हणून तीनदा औषध. सासूबाईंनी दृष्ट काढली, तीही मी काढू दिली, कारण काहीतरी करायचं होतं. शेवटी टीटीजी नावाची रक्ततपासणी, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा. गव्हातलं ग्लुटेन त्याचं शरीर सहन करत नव्हतं, लहान आतड्याची आतली लव झडून गेली होती. मग लोह शोषणार कुठून. तपासणीच्या आधी गहू बंद करू नका, निकाल खोटा येतो. आमच्या शेजारच्या ताईंनी ते केलं आणि परत मुलीला गहू खायला घालून तपासावं लागलं.

आता ज्वारी, नाचणी, तांदूळ. पण गिरणीत गव्हानंतर आपली ज्वारी दळली तर त्यातून जातं. घरघंटी घेतली. वर्षभरात चार बोटं उंची वाढली. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत, रोज बघते.

झुळूक_
किती गोड. घरघंटी आवाज फार करते का? आमचा फ्लॅट आहे

गव्हाविना
करते गं. खाली जाड चटई घाल आणि दुपारी दोन ते चार लावू नकोस. 😀

संत्राबाग
अमरावतीचा आहो. पोरगा पुण्याले एमपीएससी करत होता. पोटात जळजळ, रात्री दोनला उठवून बसवे असं दुखणं. सारे म्हणत टेन्शन हाय. मीबी तेच म्हणलं, रागावलोबी. मेसचं तिखट, उपाशीपोटी चहा, डोकं दुखलं का दुकानातून आयबुप्रोफेन, थे दुखण्याची गोळी. एक दिवस फोन केला, बाबा, शौचाला डांबरासारखी काळी झाली. तवा धावलो. अल्सर. आतून रक्त जात होतं.

जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू निघाला. डॉक्टरनं मले गोष्ट सांगितली का पहिले सारे अल्सर टेन्शननंच होते असं मानत. ऑस्ट्रेलियात पर्थचे वॉरन आन मार्शल यायनं जिवाणू दाखवला, कोणी आयके ना, तवा मार्शलनं १९८४ मध्ये जिवाणूचा पेलाच पेला आन जठराले सूज आली. २००५ ले दोघाईले नोबेल. पोराले १४ दिवस अँटिबायोटिक, मंग महिन्यानं परत तपासणी. त्या तपासणीआधी दोन आठवडे आम्लाची गोळी बंद ठेवा लागते, नाही तं जिवाणू लपते. आता बरा हाय. मी त्याच्यावर रागावलो होतो थे मात्र मनातून जात नाही.

सांजवेळ
दादा, तुमचं आणि माझं एकच आहे. त्याला एकदा बोलून दाखवा.

संत्राबाग
दिवाईले येते. पाहतो.

मडगांवकार
इथे इंग्लंडमध्ये पन्नाशी झाली की दर दोन वर्षांनी टपालाने एक छोटी नळी येते. शौचाचा नमुना घेऊन पाठवायचा, डोळ्यांना न दिसणारं रक्त तपासतात. ह्यांनी ती चार महिने ड्रॉवरमध्ये ठेवली, "शी, हे काय". मी भांडून पाठवायला लावली. रक्त आलं, मग कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, आत दोन गाठी, त्याच वेळी काढल्या. अजून कॅन्सर नव्हत्या. गोव्यात माझ्या भावाला रक्त जायचं, मूळव्याध म्हणून मलम लावत राहिला. त्याला उशीर झाला.

रक्त, कारण नसताना वजन उतरणं, झोपेतून उठवणारं पोट, पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली सवय. ह्यातलं काही असेल तर घरगुती काही करत बसू नका हो.

चिंचगुळ
ताई 😔 भावाबद्दल वाईट वाटलं.

लोकलवाली
माझ्या वडिलांना दाखवते हे. तेही मलमच लावतात.

झुळूक_
विषय वेगळा पण मुलीला अँटिबायोटिकनंतर पातळ होतंय, काय देऊ? दोन वर्षांची

डॉ_मावशी
आधी पाणी. ओआरएसचं पाकीट. रात्री नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, चमच्या-चमच्याने. मऊ भात, दही चालेल, खाणं बंद करू नको. डॉक्टरांना विचारून झिंक १४ दिवस. लघवी कमी झाली, डोळे खोल दिसले, रक्त आलं तर लगेच ने.

झुळूक_
लघवी होतेय. भात-मेतकूट खाल्लं आत्ता. थँक्यू मावशी

बांधावरून
मेतकूट घरचं का? आमच्यात कुणाला जमत नाही, कडू हुतं.

सांजवेळ
आईला तुमचे सगळ्यांचे अनुभव वाचून दाखवले. ती म्हणते मेथी दोन चमचेच घ्यायची आणि मंद भाजायची, लाल झाली की कडू. डबा टाकू का विचारलं तर म्हणाली पाकिटं टाक, डबा धुऊन ठेव, मेतकूट त्यातच भरू.