आयनांबराला ‘भोक’ पडतं की ते ‘विरतं’?

तळटीप: रॉकेटांवरच्या लेखाचं भाषांतर करतोय, ‘आयनोस्फेरिक होल’पाशी अडलोय, म्हणजे आयनांबरात, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, पडणाऱ्या भोकापाशी. मी ‘विवर’ लिहिलं, तपासनिसांनी खोडून ‘छिद्र’ केलं. २४ ऑगस्ट २०१७ ला फॉर्मोसॅट-५ उपग्रह घेऊन निघालेल्या फाल्कन ९ रॉकेटमुळे पडलेलं ते सुमारे ९०० किमी रुंद होतं. एवढ्याला छिद्र म्हणायचं? आणि एक्झॉस्टला, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंना, ‘धूर’ चालेल का?

पाटीपेन्सिल: छिद्र बासरीला. विवर म्हटलं की खोली आली. सरळ ‘भोक’ लिहा, मराठी आहे.

एफथर: तिन्ही नकोत. तिथली हवा हटत नाही, घटतात ते इलेक्ट्रॉन. २००-३०० किमीवर आयन, म्हणजे विद्युतभारित कण, मुख्यतः ऑक्सिजनच्या सुट्या अणूंचे. असा आयन इलेक्ट्रॉनला सहजी धरत नाही, म्हणून तो थर रात्रीही टिकतो. दुसऱ्या टप्प्याच्या इंजिनातून आलेली पाण्याची वाफ आणि हायड्रोजन त्याच्याशी भिडले की रेणूंचे आयन बनतात. ते इलेक्ट्रॉन चटकन धरतात आणि फुटतात. नेहमीच्या नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हे शेकडो पटींनी वेगात घडतं. त्यातून सुटलेला उत्तेजित ऑक्सिजन ६३०० अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा लाल उजेड देतो. त्या खेपेला उपग्रह हलका, जेमतेम पावणेपाचशे किलोचा, म्हणून रॉकेट आडवं न होता जवळजवळ उभंच चढलं. एरवी पट्टा उमटतो, तेव्हा गोल उमटला. जीपीएसमध्ये मीटरभर चूक येऊ शकेल एवढा परिणाम. दिवसा ऊन नवे आयन घडवतं. रात्री मात्र आजूबाजूने झिरपेल तेवढंच.

जुनेर: मग ‘विरणे’ घ्या की! धोतर विरतं तेव्हा सूत कमी होतं, आरपार दिसतं, पण कापड असतं. आणि अंबर म्हणजे वस्त्रच, पीतांबरातलं.

पाटीपेन्सिल: आयनांबरातलं अंबर आकाशाचं हो. उद्या रफू कराल.

जुनेर: ऊन रफूच करतंय ना?

एफथर: विरलेलं कापड आपोआप भरत नाही. तिथे ‘विरणे’ फसतं.

पाटीपेन्सिल: ओझोनचंही नुसतं पातळ होणंच आहे, २२० डॉबसन एककांच्या (ओझोनच्या मापाच्या) खाली. तरी छिद्र रुळलंच ना? रुळलेल्याला हात लावू नये.

जुनेर: मघाशी भोक म्हणत होतात.

तळटीप: धुराचं काय?

एफथर: वाफेला धूर कसा म्हणणार? ‘झोत’ लिहा.

पाटीपेन्सिल: झोत विजेरीचा.

जुनेर: आणि भट्टीचा?