नॉर्दर्न लाइट्स बघून आलेल्या नागपूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

प्रतापनगरकर:
आईबाबांना घेऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे ऑरोरा, उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात रात्री दिसणारे रंगीत प्रकाशाचे पट्टे, बघायला जायचा प्लॅन करून राहिलो. बाबांना आकाशाचं वेड आधीपासूनच, रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात मला पहिल्यांदा त्यांनीच नेलं. मे 2024 च्या सौर वादळात लडाखच्या हानलेहून लाल आकाशाचे फोटो आले, तेव्हापासून त्यांचं एकच, मला हे डोळ्यांनी बघायचंय. टूरवाल्यांची माहितीपत्रकं खूप वाचून झाली, आता जे जाऊन आले त्यांनी सांगा. दिसले नसतील तरी लिहाच.

धरमपेठकर:
आम्ही मार्चमध्ये उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला गेलो. केपी आकडा (सौर वादळाचा जोर सांगणारा, 0 ते 9) मोठा असला तरच दिसते हे आधी डोक्यातून काढा. ट्रॉम्सो जवळपास 69 अंश उत्तरेला, ऑरोराचा पट्टा तिथे डोक्यावरच असतो, केपी 2 असला तरी पुरते. खरी अडचण ढगांची. आमच्या गाइडनं संध्याकाळी ढगांचा नकाशा बघितला, समुद्राकडचं सगळं झाकलेलं, म्हणून गाडी सरळ फिनलंडच्या सीमेकडे काढली, बराच वेळ नुसता बर्फातला रस्ता, अन् तिकडे आकाश एकदम मोकळं. आधी उत्तरेला पांढुरका पट्टा दिसला, आम्हाला ढगच वाटला, पण मोबाइल धरला तर स्क्रीनवर हिरवा. मग तो जाड होत गेला, खालची कड गुलाबी झाली आणि गच्चीवर वाळत घातलेली नऊवारी वाऱ्यानं हलावी तसा सगळ्या आकाशभर हलायला लागला, तेव्हा डोळ्यांनाही हिरवा रंग स्वच्छ दिसत होता. हिरवा ऑक्सिजनचा, साधारण 100 ते 150 किमी उंचीवरचा, त्याच्याही वरचा लाल तोही ऑक्सिजनचाच, गुलाबी कड नायट्रोजनची. सासूबाई दोन्ही हात जोडून उभ्या होत्या, काही बोलल्याच नाहीत.

महालकर:
आइसलँडला गेलो, दिसले नाही. रोज रात्री तिथल्या हवामान खात्याचा ढगांचा नकाशा उघडायचो, त्यात पांढरं म्हणजे मोकळं आकाश अन् हिरवं म्हणजे ढग, आमच्या भागात सगळं हिरवंच. तरी देश इतका सुंदर आहे की पुन्हा जाईन. भाऊ, गाडी भाड्यानं घेतली तर दार उघडताना दोन्ही हातांनी धरा, वारा दार उलटं फिरवून टाकते आणि ते नुकसान बहुतेक इन्शुरन्समध्ये बसत नाही.

मनीषनगरवाली:
आबिस्को सुचवीन, उत्तर स्वीडनमध्ये. पश्चिमेचे डोंगर ढग अडवतात म्हणून टोर्नेट्रास्क तलावावर आकाश बरेचदा मोकळं राहते. स्टॉकहोमहून रात्रीची ट्रेन थेट तिथे जाते, आईबाबांना त्यातच मजा येईल. रोज गाव बदलू नका, एकाच जागी सलग रात्री थांबा, ढग कधी ना कधी सरकतात.
थंडीचं सांगते. आतून सुती बनियन नको, घाम धरून ठेवते, लोकरीचं थर्मल घ्या. बूट एक साइज मोठे, घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर बोटं लवकर गार पडतात. वरचा जाड सूट बऱ्याच टूरवाल्यांकडे मिळतो, आधी विचारून मगच खरेदी करा. कॅमेऱ्याची जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. ट्रायपॉड पाहिजेच.

सदरकर:
व्हिसाचं थोडक्यात. शेंगेनसाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो, 30,000 युरोचं मेडिकल कव्हर लागते. बायोमेट्रिकला आम्ही मुंबईला गेलो होतो. आणि खाऊचं, नॉर्वेत भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे खव्याची संत्रा बर्फी घरीच ठेवा. कोरडा चिवडा, मेतकूट, पोह्याची पाकिटं चालली.

प्रतापनगरकर:
मनापासून आभार सगळ्यांचे! बाबांना बीपी आहे अन् आईचे गुडघे दुखतात, रात्रभर बाहेर उभं राहणं झेपेल का?

धरमपेठकर:
उभं राहायची गरज नाही. छोट्या मिनीबसची टूर घ्या, ढग आले की ती पटकन जागा बदलते. गाडी थांबली की त्यांना आतच बसू द्या, गाइड हाक मारतो तेव्हाच उतरायचं. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे मात्र दोघांना घ्याच, पार्किंगमध्ये बर्फ काचेसारखा घट्ट असते. वाटेत टॉयलेटला कुठे थांबतात ते बुकिंगच्या वेळीच विचारा, अन् बाबांच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट हातातल्या बॅगेत.