मदत हवी आहे : व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये अधूनमधून 200 मिलिसेकंदांचा खोळंबा

लोकमान्यनगर (इंदूर)

नमस्कार मंडळी. मी इंदूरला इंजिनिअरिंगच्या मुलांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी यंदा प्रोजेक्ट म्हणून सी भाषेत एक छोटं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहिलंय. शेड्यूलर, मेमरी, टीसीपी आणि केव्हीएमवर (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) चालण्यासाठी व्हर्टआयओचा (व्हर्च्युअल उपकरणांशी बोलण्याची ठरलेली पद्धत) नेटवर्क ड्रायव्हर, सगळं स्वतःच्या हाताने. रविवारीसुद्धा लॅपटॉप घेऊन माझ्या घरी येऊन बसतात. आता या ड्रायव्हरपाशी गाडी अडली आहे.

दुखणं असं. आमच्या कर्नलवर एक साधा सर्व्हर चालतो. होस्टवरचा (म्हणजे खऱ्या मशीनवरचा) क्लायंट एक विनंती पाठवतो, उत्तर आलं की पुढची. बहुतेक उत्तरं एका मिलिसेकंदाच्या आत येतात. मग अचानक एखादं उत्तर 200 मिलिसेकंदांहून थोडं जास्त घेतं, आणि पुन्हा सगळं सुरळीत. असं वारंवार होतं, त्यामुळे एकूण वेग अगदीच मातीमोल होतो.

साधं पिंग तासभर चालवलं तरी एकही उत्तर रेंगाळत नाही. मोठी फाइल पाठवली तर वेग बरा मिळतो. त्याच होस्टवर, त्याच ब्रिजवर लिनक्सचा गेस्ट (व्हर्च्युअल मशीन) लावला की हा त्रास नाही, म्हणजे दोष आमच्याच ड्रायव्हरात असणार. खोळंब्याच्या वेळी गेस्टचा सीपीयू रिकामा बसलेला असतो. हे मला सगळ्यात जास्त खटकतंय.

कुठून बघायला सुरुवात करू?

लष्कर_ग्वाल्हेर

ताई, एका वेळी एकच छोटं पॅकेट म्हटल्यावर पहिला संशय नेगल (छोटी पॅकेटं साठवून एकत्र पाठवणं) आणि डिलेड अ‍ॅकच्या (पोच उशिरा देणं) जोडीवर. क्लायंटमध्ये नो-डिले (नेगल बंद करणारा पर्याय) लावलंय का? दुसरं, रिसीव्ह रिंगमध्ये (येणाऱ्या पॅकेटांसाठीची बफरांची रांग) बफर वेळेवर भरले जातात का? बफर संपले तर पॅकेट टॅपवरच (गेस्टला जोडलेलं होस्टवरचं व्हर्च्युअल नेटवर्क कार्ड) गळतील. होस्टवर टॅपच्या आकडेवारीत ड्रॉप्ड किती दिसतात ते बघा. टॅपवर टीसीपीडम्पही (येणारी-जाणारी पॅकेटं टिपणारं साधन) लावून ठेवा.

लोकमान्यनगर

नो-डिले दोन्ही बाजूंना आहे. शिवाय लिनक्सवर डिलेड अ‍ॅकचा अडथळा साधारण 40 मिलिसेकंदांचा असतो, आमचा 200 च्या वर आहे. रिंग 256 ची आहे, ती कधी अर्धीसुद्धा रिकामी होत नाही. टॅपवर ड्रॉप्ड शून्य.

टीसीपीडम्पमध्ये मात्र गंमत दिसली. होस्टकडून विनंती जाते, मग पूर्ण शांतता. 200 मिलिसेकंदांनी होस्ट तोच सेगमेंट (टीसीपीचा तुकडा), त्याच सिक्वेन्स नंबरने, परत पाठवतो आणि आमचं उत्तर लगेच येतं. मुलांनी कर्नलमध्ये लॉग टाकून पाहिलं, तर त्या क्षणी तो सेगमेंट लागोपाठ दोनदा आलेला दिसतो! म्हणजे पहिला हरवला नव्हता. 200 चा उलगडा झाला, लिनक्सचा टीसीपी पुन्हा पाठवण्याआधी कमीत कमी तेवढं थांबतोच. पण पहिलं पॅकेट तोवर कुठे पडून होतं?

सूरसागर (बडोदा)

ताई, पॅकेट यूज्ड रिंगमध्येच (होस्ट भरलेल्या बफरांची नोंद जिथे ठेवतो ती रांग) पडून होतं. होस्टने ते ठेवलं, पण तुमच्या ड्रायव्हरला कुणी उठवलं नाही. दुसरं आलं तेव्हा इंटरप्ट (ड्रायव्हरला उठवणारा इशारा) लागला आणि दोन्ही एकदम उचलली गेली.

एक खात्री करून घ्या. रूट होऊन फ्लड पिंग चालवा. ते उत्तर येताच पुढचं पॅकेट सोडतं, आणि उत्तर नाहीच आलं तरी सेकंदाला निदान 100 सोडतं. माझा अंदाज बरोबर असेल तर कमाल वेळ 10 मिलिसेकंदांच्या आसपास दिसेल, कारण अडकलेल्या पॅकेटला पुढचं पॅकेट तेवढ्या वेळात सोडवेल. साध्या पिंगमध्ये दोन पॅकेटांत सेकंदाचं अंतर असतं, म्हणून तिथे हे सापडतच नाही.

आणि इंटरप्ट आल्यावर तुमचा ड्रायव्हर काय काय करतो, तो क्रम इथे लिहा.

लोकमान्यनगर

फ्लड पिंगची कमाल वेळ 10 मिलिसेकंदांना अगदी चिकटून आली. मुलं खुर्चीतून उठून ओरडली!

क्रम असा : इंटरप्ट आला की अव्हेल रिंगच्या (आम्ही होस्टला रिकामे बफर देतो ती रांग) फ्लॅग्जमध्ये नो-इंटरप्टचा बिट लावतो. मग यूज्ड रिंग रिकामी होईपर्यंत एकेक पॅकेट टीसीपीकडे देतो, बफर परत भरतो. शेवटी बिट काढतो आणि परततो.

सूरसागर (बडोदा)

"रिंग रिकामी आहे" हे पाहणं आणि "बिट काढला" यांच्या मधल्या फटीत पॅकेट आलं तर? होस्ट बघतो, बिट लावलेला आहे, म्हणून इंटरप्ट पाठवत नाही. तुम्ही त्यानंतर बिट काढता आणि झोपी जाता. होस्टच्या दृष्टीने त्याचं काम झालंय.

तुमच्या कामात ही फट हटकून का सापडते, तेही बघा. उत्तर तुम्ही याच लूपच्या आतून पाठवता. ते मिळताच क्लायंट पुढची विनंती सोडतो, आणि ती नेमकी तुम्ही आवराआवर करत असताना येऊन पडते. मोठ्या फाइलमध्ये मागून पॅकेटं येतच राहतात, म्हणून तिथे हे झाकलं जातं.

उपाय व्हर्टआयओच्या स्पेसिफिकेशनमध्येच नमुना कोड म्हणून दिलाय. बिट काढा, मेमरी बॅरियर (आधीचं लेखन पोचल्याशिवाय पुढचं वाचन होऊ न देणारी सूचना) टाका, मग यूज्डचा इंडेक्स (होस्टच्या नोंदी कुठवर आल्या तो आकडा) पुन्हा वाचा. पुढे सरकलेला असेल तर बिट परत लावून लूपमध्ये जा. नसेल तरच परता.

लष्कर_ग्वाल्हेर

x86 वर (इंटेल-एएमडीचे नेहमीचे प्रोसेसर) बॅरियर कशाला? तिथे क्रम पाळला जातोच ना? कंपायलरने उलटापालट करू नये एवढं सांगितलं की पुरे.

सूरसागर (बडोदा)

इथेच बरेच जण फसतात, म्हणून सविस्तर लिहितो. x86 दोन लेखनांचा क्रम पाळतो, दोन वाचनांचाही पाळतो. पण आधी लिहिणं आणि मग *दुसऱ्या* जागेचं वाचणं, ही एकच जोडी तो उलटी होऊ देतो. लिहिलेलं स्टोअर बफरमध्ये (प्रोसेसरमधली लेखनांची तात्पुरती जागा) थांबतं आणि वाचन पुढे निघून जातं. आपल्याला बिट लिहायचाय आणि लगेच इंडेक्स वाचायचाय, म्हणजे नेमकी तीच जोडी. नुसता कंपायलर बॅरियर पुरणार नाही, एमफेन्स (x86 ची बॅरियरची सूचना) किंवा लॉकवाली सूचना लागेलच.

लोकमान्यनगर

मुलांकडून दोन टप्प्यांत करून घेतलं. आधी नुसतं पुन्हा वाचणं, बॅरियरशिवाय : खोळंबे फार कमी झाले, पण रात्रभर चालवल्यावर लॉगमध्ये थोडे सापडलेच. मग एमफेन्स टाकला. परत रात्रभर चालवलं, एकही नाही. ग्वाल्हेरकर, तुमचा प्रश्न आमच्या वर्गातही आला असता, बरं झालं विचारलात. सूरसागर, मनापासून आभार. दोन्ही लॉग शेजारी शेजारी ठेवून मुलं आता परीक्षकांना हे समजावणार आहेत.

एक शेवटचं. पुढे इव्हेंट इंडेक्सचं फीचर घ्यायचंय, त्यात बिटाऐवजी कितव्या नोंदीला उठवायचं तो आकडा लिहायचा असतो. तिथेही ही फट राहते का?

सूरसागर (बडोदा)

राहते. आकडा लिहा, बॅरियर टाका, इंडेक्स पुन्हा वाचा. आणि पाठवण्याच्या बाजूलाही हाच क्रम लागतो : अव्हेलचा इंडेक्स लिहिल्यावर, होस्टला जागं करायचं की नाही हे वाचण्याआधी, बॅरियर आहे का ते एकदा तपासा.