वर्षात दोनदा घोटा मुरगळलाय? मग आधी फिजिओ, नंतर ट्रेक

रानवाट
गेल्या महिन्यात राजगडावरून गुंजवण्याला उतरताना आमच्यातल्या एकाचा घोटा मुरगळला. वर्षातली तिसरी वेळ, आणि घोट्याला आधाराचा पट्टा होता. चोरदरवाजाखालच्या घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावरून, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून त्याला खाली आणेपर्यंत अंधार पडला. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: ज्याचा घोटा वर्षात दोनदा मुरगळलाय, त्याने तीन महिने फिजिओथेरपी केल्याशिवाय त्याला अवघड ट्रेकला न्यायचं नाही.

हे मी माझ्या डाव्या पायावरून सांगतोय. चार वर्षं तो दगा देत होता. दरवेळी आंबेहळदीचा लेप, क्रेप बँडेज, आणि आठ दिवसांनी सूज उतरली की पाय बरा झाला असं समजायचं. सूज उतरते, पण बाहेरच्या अंगाचं, हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट सैल राहतं आणि पाय कुठे, कसा पडतोय ही जाणीवही मंदावते. पाय आत वळायला लागला की नडगीच्या बाहेरच्या स्नायूंनी त्याला सावरायचं असतं, ते उशिरा जागे होतात. या जाणिवेचा मुद्दा ब्रिटनमध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी १९६५ सालीच मांडला होता. डुगडुगत्या फळीवर उभं राहण्याचा व्यायाम तेव्हापासूनचा.

फिजिओने पहिल्या दिवशी मला एका पायावर उभं केलं. उजव्यावर काही वाटलं नाही. डाव्यावर डोळे मिटले आणि तिसऱ्या सेकंदाला भिंत धरली. तळव्याची कड थरथरत होती, वरच्या शिरा तारेसारख्या ताणल्या होत्या. बाराव्या आठवड्यात तोच पाय उशीवर, डोळे मिटून, वीस सेकंद टिकला. त्याला दोन पावसाळे झाले, पुन्हा मुरगळला नाही.

कातळकडा
रानवाट, तुमच्या मेहनतीबद्दल आदर आहे, पण नियम मान्य नाही. नेदरलँड्समध्ये नुकताच घोटा मुरगळलेल्या ३८४ खेळाडूंवर एक चाचणी झाली, २०१४ साली ती छापून आली. काहींना आठ आठवडे तोलाचे व्यायाम दिले, काहींना वर्षभर खेळताना पट्टा, काहींना आठ आठवडे दोन्ही. वर्षभरात पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण व्यायामवाल्यांत २७ टक्के, पट्टावाल्यांत १५ आणि दोन्ही करणाऱ्यांत १९. मग पट्टा घालणाऱ्याला कुठल्या न्यायाने घरी बसवायचं?

फिजिओ मीही केलंय. दोन महिने रोज ४०० रुपये, पायाला मशीन लावून वीस मिनिटं पडून राहायचं. काडीचा फरक पडला नाही. शेवटी लेसवाला पट्टा घेतला आणि त्याच पायाने हरिश्चंद्रगडाची अवघड नळीची वाट चढलो.

मातीतला_गडी
मी गावातल्या पोरांना कबड्डी शिकवतो. चढाईला गेलेला पोरगा एका पायावर गर्रकन वळतो, घोटा मुरगळणारच. फिजिओ जिल्ह्याच्या गावाला, जाऊन येऊन अख्खा दिवस जातो, पोराच्या बापाची मजुरी बुडते. तीन महिने बाहेर बसला तर संघातली जागाही गेली. म्हणून आम्ही टेप बांधून खेळवतो. चुकत असेल, पण दुसरा मार्ग दाखवा.

मेधा_फिजिओ
कातळकडा, तुमचे पैसे गेले याचं वाईट वाटतं. मशीनने फार तर दुखणं कमी होतं, सैल घोटा त्याने सावरत नाही. पावलाला रबरी पट्टी अडकवून पाय बाहेरच्या बाजूला ताणणं, एका पायावर उभं राहून चेंडू झेलणं, मग उड्या, मग वळणं, असं चढत न्यावं लागतं. हे दोन महिन्यांत कुणी करून घेतलं नसेल तर तुमचं फिजिओ झालंच नाही.

दादा, पोरांना बाहेर बसवायची गरज नाही. दुखत नसेल तर टेप बांधून खेळू द्या, शेजारी व्यायामही चालू ठेवा. आधी एक माप घ्या: भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटिमीटरवर असताना गुडघा टेकायला हवा. दोन्ही पायांत फरक दिसला तर ज्याचं माप कमी, तो घोटा आखडलाय.

आणि तीन ते सहा महिने नीट व्यायाम करूनही पाय सटकत असेल, सांध्यात अडकल्यासारखं होत असेल, तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवाच. लिगामेंट शिवून घट्ट करण्याची स्वीडिश सर्जन ब्रोस्ट्रॉम यांची पद्धत १९६६ पासून आहे. मात्र त्या ऑपरेशननंतरही हेच व्यायाम करावे लागतात.

रानवाट
कातळकडा, आकडे मान्य. पण त्यातला पट्टा खेळतानाचा आहे. माझा घोटा चार वर्षांत ट्रेकवर दोनदाच मुरगळला. बाकी सगळा एसटीतून उतरताना, नाहीतर घराच्या पायरीवर. तिथे पट्टा कोण घालून जातं? तीन महिन्यांची अट मात्र मागे घेतो. ट्रेकच्या आधीच्या रविवारी प्रत्येकाने एका पायावर अर्धा मिनिट उभं राहून दाखवायचं, पट्टा असो वा नसो.

कातळकडा
सपाट जमिनीवर अर्धा मिनिट उभा राहिलेला माणूस घसाऱ्यावर टिकेल याची खात्री काय? चाचणी जरूर घ्या, पण तेवढ्यावरून कुणाला परत पाठवणार असाल तर माझा विरोध कायम आहे. त्याला काठी द्या, सोप्या वाटेने न्या, पण न्या.

मातीतला_गडी
ताई, आज सरावाआधी माप घेतलं. बारापैकी चौघांचा अंगठा भिंतीपासून चार बोटांहून लांब ठेवला की गुडघा टेकेना. चौघंही टेपवालेच निघाले. त्यांना काय देऊ?

मेधा_फिजिओ
पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच खाली सोडायची, ३० सेकंद, तीनदा, सकाळ-संध्याकाळ. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा थोडा वाकवून. दोन आठवड्यांनी परत मोजा आणि इथेच कळवा.