मदत हवी आहे: प्रकल्प अहवालांना गुण कसे देता?

पदव्युत्तर वर्गाचे ४२ अहवाल तपासायला घेतलेत आणि पंधराव्यालाच अडकलोय. भाषा गुळगुळीत, संदर्भ नीटनेटके. पण निष्कर्षात 'तापमान वाढलं की वेग वाढतो' म्हटलंय आणि शेजारच्या आलेखात रेघ चक्क खाली चाललीय! दुसऱ्या एकीची भाषा अडखळती, मात्र आपलं मोजमाप कुठे चुकलं ते तिने नेमकं पकडलंय. माझ्या रुब्रिकमध्ये, म्हणजे गुण देण्याच्या निकषांच्या तक्त्यात, ३० पैकी १२ गुण मांडणीला, विश्लेषणाला जेमतेम ८. म्हणजे पहिलाच पुढे जाणार. (निकष वर्गाला आधीच सांगून बसलोय, आता बदलता येत नाहीत.)

पुढच्या सत्रासाठी विचारतोय, विश्लेषणाला किती वजन देता? आणि अहवालावर दहा मिनिटांची तोंडी घेतली, तर तिचे गुण वेगळे ठेवायचे की त्यातच धरायचे?